भिंत कालव्यासाठी, पाणथळ पाखरांसाठी

आमचं खारी गाव भाईंदरचं, शेजारी मिठागरं आणि खाडी. आज मात्र बोलायचंय गोड्या पाण्याबद्दल, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरबद्दल.

१९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने गोदावरी-कादवा संगमापाशी दगडी बंधारा घालायला घेतला. डोळ्यांसमोर पाखरं नव्हतीच. कालव्यांनी खाली कोपरगावच्या बाजूला शेतीला पाणी न्यायचं होतं. पण नदी अडली की गाळ बसतो. साठा घटला, उथळ तळी झाली, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या हिशेबात हा तोटा. थापट्या, तलवार बदक यांना मात्र असंच पाणी लागतं, कारण चारा उथळात मिळतो.

डॉ. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव जाहीर झालं, राज्यातलं पहिलं.

आता खरी मेख. पाखरं वनखात्याकडे, पाणी जलसंपदा खात्याकडे. कालव्याचं आवर्तन सुटलं की पातळी उतरते. सगळा गाळ काढला तर उथळ पाणी जातं, अजिबात नाही काढला तर तळं बुजतं. वरून पाणवेली आहेतच. म्हणजे इथलं संवर्धन नुसत्या कुंपणाने होत नाही. कधी किती पाणी राहील, हे शेतकरी आणि दोन्ही खात्यांनी मिळून ठरवावं लागतं.

हे पाणथळ माणसानेच घडवलं, पण नकळत. राखायचं मात्र ठरवूनच. भेटू पुढच्या भागात.