शनिवारचा पत्ता

कुलाब्यात रेडिओ क्लबकडे जाणाऱ्या आर्थर बंदर रोडवर सत्तरच्या दशकात ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्को होता. १९७२ साली लेड झेपलिन या गाजलेल्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना तिथे जाऊन वाजवून-गाऊन गेले, ही हकीकत जुने रॉकप्रेमी अजून रंगवून सांगतात. त्याच जागेचा पुढे ‘वूडू’ पब झाला आणि नव्वदच्या दशकात वूडूची शनिवारची रात्र ही मुंबईतल्या गे पुरुषांची रात्र म्हणून ओळखली जाऊ लागली. ही दुसरी हकीकत मात्र कोणी रंगवून सांगत नाही.

अशा जागांचा विषय निघाला की आधी परदेशातले मोहल्ले आठवतात. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो हा मुळात आयरिश कामगारांचा भाग. कुटुंबं उपनगरांत निघून गेली, घरं रिकामी पडली, भाडी उतरली आणि तिथे गे माणसं राहायला आली. १९७२ साली, म्हणजे स्लिप डिस्कमध्ये ती मैफल झाली त्याच वर्षी, कॅस्ट्रोच्या कोपऱ्यावरचा ‘ट्विन पीक्स टॅव्हर्न’ दोन बायकांनी घेतला आणि त्याला रस्त्याकडून मोठ्या काचा बसवल्या. तोवर अशा बारच्या खिडक्या रंगवलेल्या किंवा झाकलेल्या असत. आत कोण बसलंय हे रस्त्यावरून दिसावं, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. २०१३ साली नगरपालिकेने त्या इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिला.

मुंबईत असा मोहल्ला कधी झालाच नाही. पागडीची घरं, एका खोलीत तीन पिढ्या, लग्न न झालेल्या पुरुषाला खोली द्यायला कां-कू करणाऱ्या सोसायट्या! शिवाय समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६० सालच्या दंडविधानातलं ३७७ कलम डोक्यावर टांगलेलं. अशा शहरात गल्ली मिळणं शक्य नव्हतं. आठवड्यातला एक वार मिळाला.

त्याआधी वारही नव्हता, नुसते कोपरे होते. गेटवेजवळचा समुद्राकाठचा कठडा, चौपाटीची वाळू, माटुंग्याचं महेश्वरी उद्यान, स्टेशनांवरच्या मुताऱ्या. आर. राज राव यांची २००३ सालची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी सुरू होते तीच मुळी चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत. या जागा फुकट होत्या आणि तिथे गर्दीत गडप होता येई. पण हवालदाराने दंडुका आपटला की खिशात असेल नसेल ते काढून द्यावं लागे. ‘घरी कळवू का?’ एवढा प्रश्न पुरे होई. ज्यांच्याकडे बिअरपुरते पैसे असत ते ताजच्या मागच्या गोकुळ बारमध्ये बसत. बाकीच्यांना कठडा.

मग काही वर्षांत एकामागून एक गोष्टी घडल्या. अशोक राव कवी यांनी १९८६ साली ‘सॅव्ही’ मासिकाला, आपण गे आहोत हे उघडपणे सांगणारी मुलाखत दिली. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे गे लोकांचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठी काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि पुढे चक्क महापालिकेने त्याला वाकोल्यात आपल्या इमारतीत जागा दिली. त्या काळी सरकारी यंत्रणेला एड्सची भीती होती आणि भीतीपोटी का होईना, या लोकांशी बोलणं भाग होतं. १९९५ साली समलिंगी बायकांनी ‘स्त्री संगम’ सुरू केलं. त्यांच्या भेटी मात्र बहुतेक कोणाच्या तरी घरी होत. रात्री उशिरा बारमधून एकटीने लोकल पकडून घरी जाणं, हे पुरुषाला जितकं सोपं तितकं बाईला नव्हतं. म्हणून ‘गे नाइटलाइफ’च्या इतिहासात बायका कमी दिसतात.

वूडू ही काही देखणी जागा नव्हती. बसकं छत, कोंदट हवा, धूर, घामाने चिकट झालेले शर्ट. आठवड्याच्या इतर रात्रींचं गिऱ्हाईक निराळं. शनिवारी मालकाला भरलेला गल्ला हवा होता आणि या मंडळींना डोक्यावर छप्पर. त्यात पुरोगामीपणा कोणाचाच नव्हता. पण त्या छताखाली जाहिरात कंपनीतला साहेब, डोंबिवलीचा कारकून, कॉलेजचा पोरगा आणि साडीतली कोथी, म्हणजे बायकी वळणाने राहणारा पुरुष, असे सगळे एकाच गाण्यावर नाचत. मुंबईत अशी सरमिसळ एरवी फक्त लोकलच्या डब्यात दिसते.

१९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट सुरू झाला आणि पार्ट्या फिरत्या झाल्या. आज हा बार, महिन्याने तो, ठिकाण आधी ई-मेलवर आणि पुढे एसएमएसवर. बारमालक बिचकला किंवा पोलिसांनी हटकलं की जागा बदलायची. २०१२ मध्ये पोलिसांच्या समाजसेवा शाखेने बार आणि पार्ट्यांवर धाडींचा सपाटा लावला, तेव्हा तर सगळ्याच रात्रपाळीच्या शौकिनांना धडकी भरली. कायद्याचीही ये-जा चालू होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा गुन्ह्यात घातले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कायमचे बाहेर काढले.

याच वर्षांत वूडू बंद पडलं आणि पार्टीचा मुक्काम कुलाब्याहून वांद्रे, अंधेरीकडे सरकला. शहरच उत्तरेला सरकलं होतं, पार्टी मागोमाग गेली. पुढे सहार विमानतळाजवळच्या ‘द ललित’ हॉटेलातल्या ‘किटी सू’ क्लबमध्ये ड्रॅगचे खेळ झाले, तेही राजरोस. ललितचे केशव सुरी ३७७ विरुद्धच्या खटल्यात स्वतः याचिकाकर्ते होते. हे सगळं उत्तमच. पण पंचतारांकित हॉटेलच्या दारातून साडीतली कोथी किती सहज आत जाईल, हा प्रश्न उरतो. भीती कमी झाली आणि प्रवेश महागला.

दरम्यान स्मार्टफोन आला. गे पुरुषांसाठीचं ‘ग्राइंडर’ हे ॲप २००९ साली निघालं आणि जोडीदार शोधायला बारची गरज उरली नाही. लंडनमध्येही २००६ ते २०१७ या काळात निम्म्याहून जास्त गे बार आणि क्लब बंद झाले. त्याला मात्र वाढती भाडी आणि नवी बांधकामं कारण झाली. आपल्याकडे फोनने आणखी एक जुनं दुखणं परत आणलं. खोट्या प्रोफाइलवरून बोलावून लुबाडणारी टोळी हा जुन्या हवालदाराचाच नवा अवतार. बारमध्ये निदान शेजारी चार ओळखीचे असत.

मुंबईबाहेर, आमच्या हुबळी-धारवाडला यातलं काय आलं? १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता, त्यामुळे इथल्या माणसाला शिक्षण, नोकरी आणि चोरून जगायचं आयुष्य या तिन्हींसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची सवय जुनी. इथे नाव घ्यावं असा गे बार झाला नाही. धारवाडहून तासाभरावर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर देवीला वाहिलेले जोगप्पा दिवसाढवळ्या साडी नेसून देवीची परडी घेऊन फिरतात. लोक त्यांच्या पायाही पडतात. तो मान देवीमुळे आहे. दोन पुरुषांना एकत्र संसार करायला त्यातून जागा मिळत नाही. इथल्या तरुणाला सगळ्या कुळकथेतलं फक्त शेवटचं पान मिळालं, फोनचं. मधला शनिवार त्याच्या वाट्याला आलाच नाही.

आर्थर बंदर रोडवर वूडूची पाटी लागेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कागद मात्र वाचवता येतील. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये ‘कामरा’ नावाचा या चळवळीचा दप्तरखाना आहे, तिथे अशी कागदपत्रं जपली जातात. कपाटाच्या तळाशी ‘बॉम्बे दोस्त’चे जुने अंक, पार्टीची पत्रकं किंवा त्या काळची पत्रं असतील, तर ती रद्दीवाल्याला घालण्याआधी तिथे विचारा.