उतरत्या पाण्याचा हिशेब

खानदेशांत पाण्याविषयीं बोलणें निघालें म्हणजे तें बहुधा पाण्याच्या अभावाविषयीं असतें. पारोळ्यास तर हें विशेषच खरें. तालुक्यांतून वाहणारी बोरी नदी वर्षाचे पुष्कळसे महिने वाळूचा एक पट्टा होऊन पडलेली असते, आणि वैशाखांत विहिरींचे तळ दिसूं लागले म्हणजे गांवांत दुसरा विषय उरत नाहीं. अशा मुलखांत पाणी अधिक झाल्यामुळें शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर पडतें, असें कोणीं सांगितलें तर परगांवच्या माणसास ती थट्टा वाटेल. परंतु येथील काळ्या जमिनीशीं ज्यांची ओळख आहे ते हंसणार नाहींत. ही जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत एकदां तिचें पोट भरलें कीं पुढचें पाणी आंत घेण्याचें जवळजवळ नाकारते. श्रावणांत चार दिवस झड लागली कीं वरच्या अंगाचें पाणी बांधाशीं येऊन थटतें, कपाशी पिवळी पडूं लागते, आणि पंधरा दिवसांपूर्वीं आभाळाकडे डोळे लावून बसलेला मनुष्य फावडें घेऊन मध्यरात्रीं बांधावर उभा राहतो. पाणी मुरतही नाहीं आणि निघूनही जात नाहीं अशा जमिनीस आपल्याकडे चिबड म्हणतात.

पुढची कथा ठरलेली आहे. वरचा शेतकरी बांध फोडून पाणी खालीं सोडतो. खालचा आपला बांध हातभर उंच करून तें अडवितो. दोघांच्या आजोबांच्या वेळीं या दोन शेतांमधून एक चर गेलेला असतो. वांटण्या होतां होतां तो कधीं नांगराखालीं गेला हें कोणासच आठवत नाहीं. तो पुन्हां खणावा यास दोघांचीही ना नसते. भांडण असतें तें निराळेंच. खणण्याचा खर्च कोणीं द्यावयाचा, चराखालीं जाणारे दोन-चार गुंठे कोणाचे, आणि दरसाल भरणारा गाळ कोणीं काढावयाचा? वरचा म्हणतो, पाणी माझें नव्हे, आभाळाचें आहे. खालचा म्हणतो, मग तें परत आभाळाकडेच पाठवा.

या वादाचा अर्धा भाग कायद्यानें पुष्कळ पूर्वींच हातीं घेतला आहे. रोमन लोकांच्या बारा फलकांच्या कायद्यांतसुद्धां पावसाच्या पाण्यानें शेजाऱ्याचें नुकसान होऊं लागल्यास दाद मागण्याची तजवीज होती, आणि पुढील रोमन पंडितांनीं त्यावर बराच कीस काढला. सृष्टिक्रमानें वरून खालीं येणारें पाणी खालच्यानें सोसावें, परंतु वरच्यानें तें आपल्या हातानें वाढवूं अगर वळवूं नये, असा त्या चर्चेचा सारांश आहे. आपल्याकडे १८८२ चा ईझमेंटचा कायदा झाला. तो मुंबई इलाख्यास १८९१ सालीं लागू करण्यांत आला. त्यांतही वरच्या जमिनीवर पडलेलें पाणी स्वाभाविकपणें खालीं वाहूं दिलें पाहिजे, हा वरच्या मालकाचा हक्क मानलेला आहे. त्यापुढें १९०६ चा मामलेदार कोर्टांचा कायदा आला. शेतजमिनीवरून स्वाभाविकपणें शेजारच्या जमिनीवर उतरणाऱ्या पाण्यास कोणीं बेकायदा अडथळा उभा केला व त्यानें नुकसान होत असलें, तर तो काढून टाकण्याचा अधिकार या कायद्यानें मामलेदारास दिला. वकिलाची फी परवडत नाहीं अशा कुणब्यास तालुक्याच्या गांवींच न्याय मिळावा हा त्यांतला हेतु चांगला होता. हा कायदा अद्याप जिवंत आहे आणि पारोळ्यासारख्या ठिकाणीं त्याचा आधार आजही घेतला जातो.

पण या सर्व कायद्यांचा भर ‘स्वाभाविक’ या एका शब्दावर आहे, आणि खरी अडचणही तेथेंच आहे. आजोबांनीं खणलेला चर नातवांनीं बुजविल्यावर पाण्याचा स्वाभाविक मार्ग कोणता? तो चर होता तो कीं नसतांना होता तो? शिवाय अडथळा काढा असें सांगतां येतें. चर खणा व त्याचा खर्च अमुक प्रमाणांत वांटून घ्या, असें या कायद्यानें सांगतां येत नाहीं. मामलेदार बांध काढवितो. पाणी खालच्या शेतांत शिरतें. वरचा सुटला, खालचा बुडाला, आणि दोघांसही उपयोगी पडणारा चर होता तेथेंच, म्हणजे जमिनीखालीं, राहिला.

खर्चाच्या वांटणीचा विचार सरकारनें केला तो कालव्यांच्या निमित्तानें. उत्तर हिंदुस्थानासाठीं झालेल्या १८७३ च्या कायद्याच्या नांवांतच कालव्याबरोबर निचरा हा शब्द आहे. निचऱ्याचीं कामें केल्यावर ज्यांच्या जमिनीस लाभ झाला त्यांच्यावर वार्षिक पट्टी बसविण्याची तरतूद त्यांत होती. मुंबईच्या १८७९ च्या कायद्यानेंही पाण्याच्या वाटा अडविणाऱ्यांस मनाई करण्याचा व निचऱ्याच्या योजना हातीं घेण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. मात्र हें सर्व जेथें सरकारचा हात पोंचेल तेथपर्यंतच. दोन भावांच्या शेतांमधील चर सरकारच्या नकाशावर नसतो.

आतां जुन्या ग्रंथांकडे वळतों. आपल्या पूर्वजांनीं सगळें आधींच सांगून ठेवलें आहे असें म्हणण्याची मला हौस नाहीं. परंतु या बाबतींत कौटिल्याचें एक वचन खरोखरच मर्मावर बोट ठेवणारें आहे. अनेकांनीं मिळून बंधारा बांधावयास घेतला आणि त्यांतून एखादा बाजूस झाला, तर त्याचे नोकर व बैल कामास लावावे, खर्चाचा वांटा त्याच्याकडून घ्यावा, आणि फळाचा वांटा मात्र त्यास देऊं नये, असें तो सांगतो. शिक्षा कठोर आहे खरी. पण सामायिक कामांत जो नाहीं म्हणतो त्याच्या नकाराची किंमत इतरांनीं कां भरावी, हा प्रश्न त्यानें बरोबर पकडला आहे. याज्ञवल्क्यानेंही सीमेच्या वादांत असेंच म्हटलें आहे कीं, ज्या बंधाऱ्यानें थोडी बाधा व पुष्कळांचें कल्याण होतें त्यास शेतमालकानें अडवूं नये. तरीही हीं वचनें झालीं. प्रत्यक्ष गांवांत असा हिशेब कोणी कधीं चालविला काय? चालविला, आणि तोही खानदेशांतच.

पारोळ्याहून धुळें पस्तीसएक किलोमीटर. तेथून पांझरेच्या कांठानें पश्चिमेस वर साक्री तालुक्यांत गेलें कीं सामोडें, पिंपळनेर या बाजूस फडांचा मुलूख लागतो. पांझरेप्रमाणेंच मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरही फड होते. हे बंधारे तीन-चारशें वर्षांचे असावेत असें अभ्यासक मानतात. नदींत दगडी बंधारा, त्याच्या एका अंगानें निघालेला कालवा, आणि कालव्याखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, हेच फड. एका फडांत एका सालीं एकच पीक. या सालीं येथें ऊंस, पलीकडे गहूं अगर हरभरा, तिसऱ्यांत पावसाळी पीक. पुढच्या सालीं फेरपालट. कोणीं काय पेरावें हें मालक ठरवीत नाहीं, फड ठरवितो. पाणीही मालकानें घ्यावयाचें नाहीं. पाटकरी कालव्यांतून पाणी सोडी, बारेकरी तें शेताशेतांत फिरवी, जागल्या पिकाची राखण करी, आणि हवालदार या सर्वांवर नजर ठेवी. त्यांचा मेहनताना आणि कालव्याच्या दुरुस्तीचा बोजा ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणांत. पावसाळ्यानंतर गाळ काढावयाचा तो सर्वांनीं मिळून. पाणी कमी दिसलें कीं उंसाचा फड त्या सालीं लहान करावयाचा, म्हणजे तूटही वांटली जाई.

या पद्धतीचें कौतुक करणारे लेखक बहुधा पाणी वांटण्याच्या बाजूनेंच तिच्याकडे पाहतात. मला तिची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. एका फडांत एकच पीक असल्यामुळें सगळ्या फडास पाणी एकदांच हवें असतें आणि एकदांच नको असतें. कोरडवाहू पिकाच्या शेजारीं भिजलेला ऊंस उभा नाहीं. म्हणून एकाच्या पाटाचा ओलावा दुसऱ्याच्या बाजरींत शिरण्याचें कारण नाहीं. कालव्याचें उरलेलें पाणी अखेरीस नाल्यानें परत नदीस मिळे, आणि खालचा बंधारा तेंच पुन्हां उचली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याची एकच वही होती. पाणी घेणारे निराळे आणि पाणी सोसणारे निराळे, अशी फूटच तींत पडली नाहीं. आणि जेथें ती फूट नाहीं तेथें निचऱ्याचा खर्च कोणाचा हा प्रश्न उभाच राहत नाहीं.

फड म्हणजे रामराज्य होतें असें मात्र कोणीं समजूं नये. ज्याची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी होती त्यास फेरपालट सुखाची. पण वांटणींत ज्याच्या वांट्यास एकाच फडांतला तुकडा आला त्यास उंसासाठीं दोन-तीन वर्षें वाट पाहावी लागे. बोलण्याचा अधिकार जमिनीबरोबर येत असे. रात्रभर राखण करणाऱ्या, पण स्वत:ची जमीन नसलेल्या माणसास या हिशेबांत धान्य होतें, मत नव्हतें. आणि ही व्यवस्था कागदावर फारशी नव्हती, लोकांच्या स्मरणांत व धाकांत होती. धाक गेला कीं ती मोडण्यास वेळ लागत नाहीं.

सर विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत आले तेव्हां आरंभीं त्यांना याच भागांत काम मिळालें. साक्री तालुक्यांतील दातर्ती येथें पाण्याचे नळ पांझरेच्या पलीकडे नेण्याचें अवघड काम त्यांनीं तडीस नेलें. पुढें नीरेच्या डाव्या कालव्यावर त्यांनीं जी ब्लॉक पद्धत घातली तींत ठराविक क्षेत्र, ठराविक पाळी व पिकांची फेरपालट हीं फडाचीं अंगें ओळखूं येतात. तरुणपणीं डोळ्यांखालून गेलेला पांझरेचा कांठ त्यांच्या मनांत राहिला असावा, असें मला वाटतें. नीरेवर दुखणें उघड झालेंच होतें. १८८५ मध्यें सुरू झालेल्या त्या कालव्याखालीं उंसास वाटेल तितकें पाणी दिलें जाई. तें सखल भागांत उतरे, जमिनीच्या पोटांतले क्षार वर येत, आणि उत्तम काळी जमीन चोपण व खारवट होऊन पडे. पुढें विसाव्या शतकांत इंग्लिस यांच्यासारख्या इंजिनियरांनीं दक्षिणेतील कालव्यांखालीं खोल चर खणून हें पाणी काढण्याचे प्रयोग केले. येथेंही पाणी पिणारें शेत वरचें आणि मरणारें शेत खालचें. नीरेवर सरकार मध्यें होतें म्हणून चर तरी खणले गेले.

इंग्लंडांत हाच वाद शतकानुशतकें चालला. १५३१ च्या कायद्यानें नेमलेल्या कमिशनरांस सखल भागांतील चर व बांध नीट राखण्यासाठीं, ज्यांस त्यापासून लाभ किंवा ज्यांचा धोका टळतो, त्यांच्यावर पट्टी बसवितां येई. डोंगराळ भागांतले जमीनदार म्हणत, आमच्या शेतांत पाणी सांचत नाहीं, आम्ही कां द्यावें? सखलवाले म्हणत, आम्हांस बुडविणारें पाणी तुमच्याच शेतांतून येतें. लॉर्ड ब्लेडिस्लो यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशननें १९२७ मध्यें या घोळाचा अहवाल दिला आणि १९३० च्या कायद्यानें नदीच्या सबंध खोऱ्यासाठीं मंडळें नेमून खर्चाचा कांहीं भाग परगण्यांच्या तिजोरींतून घेण्याचें ठरविलें. म्हणजे डोंगरावरच्यानेंही अप्रत्यक्ष रीतीनें वर्गणी दिलीच. हॉलंडचें उदाहरण याहून जुनें आहे. तेथील ऱ्हाइनलंडची पाणीसभा १२५५ सालच्या कागदांत दिसते आणि ती आजही काम करते. मात्र समुद्र उंबऱ्याशीं असला म्हणजे शहाणपण लौकर येतें. पारोळ्यास समुद्र नाहीं, आणि पाण्याची पीडा वर्षांतून पंधरा-वीस दिवसांची.

पांझरेवर पुढें लाटीपाडा आणि अक्कलपाडा येथें धरणें झालीं. विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीस पाणी त्यास फडाची पाळी धरण्याची गरज उरली नाहीं. बरेच फड मोडले, कांहीं अर्धेमुर्धे टिकून आहेत. १८७९ च्या कायद्याची जागा १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें घेतली, आणि २००५ मध्यें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा निराळा कायदा झाला. या संस्था कालव्याचें पाणी मोजून घेतात व आपसांत वांटतात. पारोळ्याच्या काळ्या रानांत, जेथें कालवाच नाहीं, तेथें अशी संस्था नाहीं. तेथें अजून वरचा, खालचा आणि मामलेदार, ज्यास आतां तहसीलदार म्हणतात, एवढेच तिघे आहेत.

त्या १९०६ च्या कायद्यांत एक मुदत आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा लावला पाहिजे. श्रावणांत पीक बुडालेला शेतकरी आधीं भावकीकडे जातो, मग पोलिसपाटलाकडे, मग दिवाळी होऊं देतो. अर्ज पडतो तो पौषांत. कोर्टाकडून स्थळपाहणीस माणसें येतात तेव्हां शिवारांत हरभरा वाळूं लागलेला असतो. बांधाच्या दोन्ही अंगांस दोन पक्ष उभे राहतात, आणि पंच मधल्या कोरड्या भेगांकडे पाहून लिहून घेतात कीं येथून पाणी वाहतें असें वादीचें म्हणणें आहे.