ओल्या कचऱ्यापासून वाहन इंधन : जयसिंगपूर परिसरासाठी सीबीजी प्रकल्पाचे नियोजन

खरकटे, भाजीपाल्याचे अवशेष, शेण, प्रेसमड हवाबंद टाकीत कुजविल्यास बायोगॅस तयार होतो. त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के असतो. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड व ओलावा काढून मिथेन किमान ९० टक्के केल्यावर हा वायू उच्च दाबाने भरून सीएनजी वाहनांत वापरता येतो. यालाच सीबीजी म्हणतात. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या त्याची खरेदी करतात. इंदूरमधील २०२२ च्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा व सुमारे १७ टन सीबीजी इतकी आहे.

कच्च्या मालाचा हिशोब
- ५० हजार लोकवस्तीतून माणशी १५० ग्रॅम धरल्यास रोज ७.५ टन ओला कचरा मिळतो. टनाला ३० ते ४० किलो उत्पादन धरल्यास सीबीजी २२५ ते ३०० किलोच होतो.
- रोज २ टनांच्या प्रकल्पाला सुमारे ५० टन प्रेसमड लागतो. ऊस गाळपाच्या ३ ते ४ टक्के प्रेसमड निघतो. म्हणजे रोज ५,००० टन गाळपातून १५० ते २०० टन.
- गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो. उघड्यावर साठविलेला प्रेसमड कुजून गॅस घटतो. त्यामुळे साठवण झाकलेली हवी व उन्हाळा-पावसाळ्यासाठी शेण, बाजार समितीतील भाजीपाला व खरकटे यांचे करार आधीच करावेत.

जागा
शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांची पातळी पाहूनच जागा निवडावी. डायजेस्टर, कॉम्प्रेसर व स्लरीची टाकी पूररेषेच्या वर असावी. पावसाळ्यात शेतात स्लरी देता येत नाही, तेवढ्या दिवसांची साठवण ठेवावी.

दैनंदिन काळजी
प्लास्टिक व काचा आधीच वेगळ्या कराव्यात. तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअस, सामू ६.८ ते ७.४ ठेवावा. खरकटे एकदम जास्त टाकल्यास आम्लता वाढून गॅस थांबतो. शेण मिसळून मात्रा हळूहळू वाढवावी.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?
आज शेतात जाणारा प्रेसमड उद्या प्रकल्पात जाईल. गॅसमध्ये मुख्यतः कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश बहुतांशी स्लरीत राहतात. म्हणून सभासदांना किती खत, कोणत्या दराने परत मिळेल हे करारात लिहून घ्यावे. वायू खरेदीचा करार व कच्च्या मालाची लेखी हमी हाती येईपर्यंत भागभांडवल भरू नये.