ह्युरॉन ते रूज : नदीशिक्षणाचा एक अध्याय

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे 1984 च्या सुमारास ह्युरॉन नदीत जलक्रीडा केलेल्या काही शाळकरी मुलांना संसर्गजन्य कावीळ झाली आणि त्या चिंतेतून पाणीशिक्षणाची एक नवी पद्धत आकाराला आली. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साह्याने ह्युरॉन हायस्कूलच्या मुलांना नदीचे पाणी तपासण्यास शिकवले. या पद्धतीत पुढे नऊ चाचण्या रूढ झाल्या, ज्यांत विरघळलेला प्राणवायू, म्हणजे जलचरांच्या श्वसनास उपलब्ध असलेला वायू, आणि विष्ठेतून पाण्यात उतरणारे कोलिफॉर्म जिवाणू यांचे मापन विशेष मोलाचे ठरले. विद्यापीठातील तरुण हे मुलांना परीक्षक न वाटता थोरल्या भावंडांसारखे वाटणे स्वाभाविक होते, आणि या पद्धतीचे खरे बळ बहुधा उपकरणांपेक्षा या जवळिकीतच होते. 1987 मध्ये डेट्रॉइट परिसरातील, कारखाने व सांडपाणी यांनी ग्रासलेल्या रूज नदीच्या खोऱ्यातील शाळांनी हीच पद्धत स्वीकारली, तर 1989 मध्ये स्टॅप यांच्या पुढाकाराने ‘ग्रीन’ हे नदीशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले.