‘विहार’ शब्दाचा मूळ अर्थ

बुद्धविहार म्हणजे बुद्धमूर्ती असलेली, वंदनेसाठी एकत्र जमण्याची वास्तू, हा अर्थ आज आपल्या वस्त्यांतून रूढ आहे. प्राचीन पाली ग्रंथांत मात्र विहार म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. त्यावरून कोणी असा आक्षेप घेतात की, आपण हा शब्द चुकीने वापरतो आणि आपले विहार म्हणजे नाव बदललेली मंदिरेच होत. या आक्षेपाची भाषिक तपासणी करणे अगत्याचे आहे.

‘वि’ उपसर्गपूर्वक ‘हृ’ धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. संस्कृत काव्यात त्याला क्रीडेचा, भ्रमणाचा रंग आहे. मराठीतील जलविहार, वनविहार हे त्याच वळणाचे. पालीत ‘विहरति’ म्हणजे राहतो, काळ व्यतीत करतो. सुत्तांच्या आरंभी भगवान अमुक नगरात विहरत होते असे येते, तेथे फेरफटका नव्हे, मुक्काम अभिप्रेत असतो. मेत्ता, करुणा, मुदिता व उपेक्खा यांना ‘ब्रह्मविहार’ म्हणतात तेही याच अर्थाने. चित्ताने जेथे वास करावा ती ही स्थाने.

वास्तू म्हणून विहाराची जन्मकथा विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. आरंभी भिक्खू अरण्यात, वृक्षातळी, डोंगरकपारीत, स्मशानात राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तथागतांनी पाच प्रकारच्या ‘लेणां’ना अनुज्ञा दिली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले. एका दिवसात साठ! यावरून हे विहार म्हणजे साध्या कुट्या असाव्यात, हे उघड आहे. त्याने ते चारही दिशांच्या, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या संघाला अर्पण केले.

येथे ‘लेण’ हा व्यापक शब्द असून विहार हा त्याचा एक प्रकार आहे, हे ध्यानात घ्यावे. लेण म्हणजे आश्रयस्थान. महाराष्ट्राने हा शब्द आजतागायत जपला. नाशिकच्या १९ क्रमांकाच्या लेण्यातील सातवाहन राजा कण्ह याच्या काळच्या शिलालेखात तो आहे. पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीने भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या लेखातही आहे. (त्याच डोंगराला ‘पांडवलेणी’ म्हणणाऱ्यांनी दात्यांची नावे पुसली, तरी ‘लेणे’ हा शब्द त्यांना पुसता आला नाही.) पूजास्थानासाठी शिलालेखांत निराळा शब्द होता, चेतियघर. निवास आणि पूजा यांची स्थाने अशी वेगळी होती.

हा भेद पुढे मावळला. नाशिकच्या बलश्रीच्या लेण्यात मागील भिंतीवर स्तूप कोरलेला दिसतो. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे दान दिले. त्यात भिक्खूंच्या खोल्या आहेत आणि पाठीमागे भव्य बुद्धमूर्तीही आहे. राहण्याची जागा हीच वंदनेची जागा झाली. थायलंडमध्ये तर ‘विहान’ म्हणजे मूर्तीचे दालन आणि भिक्खूंची राहण्याची जागा म्हणजे ‘कुटी’, असा अर्थ पूर्णपणे फिरला. तेथील बौद्धांना कोणी चुकलेले म्हणत नाही.

तेव्हा २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि ते स्थान बुद्धविहार म्हणून ओळखले जाऊ लागले, यात शब्दाचा अपप्रयोग नाही. अर्थाचा हा ओघ अजिंठ्यापासून चालत आलेला आहे. आक्षेपकांच्या म्हणण्यात एवढेच तथ्य की, आपल्याकडे शब्दाचा दुसरा अर्धा भाग मागे पडला. वस्तीतील विहारात मूर्ती असते, सभागृह असते, कोठे ग्रंथालयही असते. वर्षावासासाठी आलेल्या भन्तेंची पथारी मात्र पुष्कळदा एखाद्या उपासकाच्या घरी पडते. राजगृहात क्रम उलटा होता. तेथे भिक्खूची खोली आधी बांधली गेली. मूर्ती यावयास आणखी काही शतके लागली.