बंदुकीमागून आलेला कॅमेरा

‘सफारी’ हा शब्द आता आपल्या घरोघरी रुळला आहे. ताडोबाला जाऊन आलेला शेजारी मोबाइलवर वाघाचे चित्र दाखवतो आणि अभिमानाने सांगतो, “सफारी केली!” मूळचा हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. तिथे त्याचा अर्थ नुसता प्रवास. अरबीतल्या ‘सफर’पासून तो आला, आणि आपली ‘सफर’ नि आपला ‘मुसाफिर’ ही त्याच घराण्यातली मंडळी. म्हणजे शब्द आपल्या भाऊबंदांतलाच. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या भाऊबंदाच्या हातात बंदूक होती. आज आपण सिंहाच्या दहा पावलांवर बसून जे चित्र घेतो, त्याची कथा त्या बंदुकीपासूनच सांगावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल गेओर्ग शिलिंग्ज नावाचा एक जर्मन गृहस्थ जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, हिंडत होता. जड कॅमेरे, काचेच्या पट्ट्या, मॅग्नेशियमची भुकटी असा सारा संसार हमालांच्या डोक्यावर. रात्री बांधलेल्या गाढवाजवळ किंवा बैलाजवळ कॅमेरा लावून ठेवायचा. सिंह आला की भुकटीचा भडका उडायचा. दिवाळीत चंद्रज्योत पेटली म्हणजे अंधारातले चेहरे क्षणभर लख्ख दिसतात ना, तसा तो सिंह काचेवर उमटे. शिलिंग्जचे पुस्तक १९०५ साली निघाले. त्याच्या नावातच प्रकाशाचा झोत आणि बंदूक शेजारी शेजारी बसली आहेत! हा मनुष्य जनावरांच्या संहाराबद्दल कळवळून लिही आणि स्वतः शिकारही करी. त्या काळाला त्यात काही विसंगत वाटत नसे.

पुढे १९०९ साली अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलाला घेऊन केनियात उतरला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा हेतू. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे टिपली, आणि मोहिमेची छायाचित्रे घेण्याचे कामही या कर्मिट नावाच्या मुलाकडेच होते. ‘टिपणे’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरले. आपल्या मराठीतही नेम धरून पाखरू टिपतात आणि कॅमेऱ्याने क्षणही टिपतात. भाषेने जुना इतिहास असा गुपचूप जपून ठेवला आहे.

मला सर्वांत बोलके वाटते ते मार्टिन आणि ओसा जॉन्सन या जोडप्याचे चित्र. अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतातली ही दोघे १९२० नंतरच्या दशकात केनियात जाऊन राहिली आणि १९२८ साली त्यांचा ‘सिम्बा’ हा सिंहांवरचा चित्रपट आला. मार्टिन कॅमेऱ्याची मूठ फिरवी, आणि शेजारी ओसा बंदूक रोखून उभी राही. जनावर अंगावर आले तर अखेरचा शब्द बंदुकीचा. सिंह जवळ यावेत म्हणून झेब्रे मारून त्यांच्यापुढे टाकले जात. जवळून घेतलेल्या त्या काळच्या कितीतरी चित्रांची किंमत अशी कुणा मुक्या जिवाने मोजली आहे.

बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलणारा एक माणूस आपल्याच देशात होऊन गेला. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडाकडचा, वनाधिकारी. वाघाच्या वाटेवर तो बारीक तार ताणून ठेवी. वाघाचा पाय लागला की झोत पडे आणि चित्र निघे. वाघाने स्वतःच स्वतःचे चित्र काढावे असा प्रकार! ती चित्रे १९२७ साली पुस्तकरूपाने आली. अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो, हेही त्याने दाखवून दिले. आज जंगलात कॅमेरे लावून वाघांची मोजदाद होते ती याच तत्त्वावर. नरभक्षकांचा शिकारी म्हणून गाजलेला जिम कॉर्बेट या चित्रांनी भारावून गेला आणि स्वतः वाघांची चलच्चित्रे घेऊ लागला. हा कॉर्बेट अखेरीस केनियातच स्थायिक झाला आणि १९५५ साली न्येरी येथे वारला.

मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो. तेव्हा सन सांगितला की मुले विचारतात, “सर, मग पुढे काय बदललं?” भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीचा शौक संपवला, केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बदलले ते हे, की गाडी दिसली म्हणजे मरण आले, ही भीती जनावरांच्या पिढ्यांमधून ओसरत गेली. गाडी म्हणजे भक्ष्य नव्हे आणि शत्रूही नव्हे, हे सिंहाला सवयीने कळले. म्हणूनच वाटाडे बजावतात, की गाडीत बसून राहा, उभे राहू नका, खाली उतरू नका. आज गाडीच्या सावलीत लोळणारा सिंह छायाचित्रकाराच्या शौर्याची साक्ष देत नाही. बंदूक गप्प बसली, त्याची ती साक्ष आहे.

हा विश्वास मात्र फार नाजूक आहे. केनियातल्या मसाई मारा येथे चित्त्यांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे प्रवाशांची वर्दळ कमी, तिथे एका मादीची सरासरी २.३ पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे वर्दळ फार, तिथे अवघी ०.२. चित्ता दिवसा शिकार करणारा; भोवती गाड्यांचे कडे पडले की त्याच्या हातचे सावज जाते, आणि पिल्ले उपाशी राहतात. कुणी गोळी झाडलेली नसते. प्रत्येकाला फक्त आणखी थोडे जवळून चित्र हवे असते.

वाचकहो, सुट्टीत आपणही मुलाबाळांसह उघड्या जिप्सीत बसाल, आणि वाघ दिसताच मुले ओरडतील, “काका, अजून जवळ घ्या ना!” त्या वेळी चालकाला सांगा, की बाबा, इथूनच बरे दिसते. चित्र थोडे लहान येईल. पण पाहिलेले जनावर आपल्या वाटेने, आपल्या चालीने निघून गेले, हे मुले घरी येऊन आजी-आजोबांना सांगतील.