ध्वनिपुनरुत्पादन, अंकीय : गुणवत्ता-निवडीचा इतिहास

संगणकावरील वा भ्रमणध्वनीवरील संगीतवादनाच्या आज्ञावलीत ध्वनीची गुणवत्ता श्रोत्यास निवडता येते. नमुना-कंप्रता (दर सेकंदास घेतलेल्या नमुन्यांची संख्या), प्रत्येक नमुन्याची बिट-संख्या आणि दर सेकंदास वापरलेल्या बिटांचे प्रमाण ही या निवडीची तीन प्रमुख अंगे होत. टॉमस आल्वा एडिसन यांच्या फोनोग्राफात (१८७७) ध्वनीची लहर खाचेच्या रूपाने नोंदली जाई व तिची गुणवत्ता मुद्रणाच्या वेळीच ठरून जाई. हा अधिकार श्रोत्याकडे आला तो अंकीय पद्धतीमुळे.

या पद्धतीचे मूळ स्पंद संकेत विरूपणात असून ते ॲलेक रीव्ह्‌झ या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३७ मध्ये सुचविले. लहरीतील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास ती पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, हे तत्त्व हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या लेखनातून प्रस्थापित झाले. मानवी कानाची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्याने ४०,००० हून अधिक नमुने आवश्यक ठरतात. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सिद्ध केलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणकात ४४,१०० ही संख्या स्वीकारली गेली. त्या वेळी अंकीय मुद्रण दूरचित्रवाणीच्या फितीवर होई. दर सेकंदास ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात २४५ उपयुक्त रेषा व प्रत्येक रेषेवर ३ नमुने यांचा गुणाकार ४४,१०० होतो. १६ बिट व दोन मार्ग धरता दर सेकंदास १४,११,२०० बिट लागतात.

एवढी माहिती तत्कालीन दूरध्वनी-तारांवरून पाठविणे अवघड होते. त्यावर एमपी३ हा उपाय निघाला. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ख व त्यांच्या सहकाऱ्यांचा त्याच्या विकासात मोठा वाटा होता आणि त्याचे प्रमाणक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या ध्वनीमुळे जवळच्या कंप्रतेचा मंद ध्वनी झाकला जातो. असा झाकलेला भाग त्यात स्थूल रूपाने नोंदतात वा गाळतात. सेकंदास १,२८,००० बिट ठेवल्यास मूळ माहितीचा सु. अकरावा हिस्साच उरतो. मात्र गाळलेला भाग परत मिळत नाही. अशा संचिकेचे नंतर अधिक बिट-प्रमाणात रूपांतर केल्याने तिचा केवळ आकार वाढतो. काहीही न गाळणारी फ्लॅक ही पद्धती २००१ मध्ये आली. ॲपलच्या संगीतसेवेने २०२१ मध्ये व स्पॉटिफायने २०२५ मध्ये अशा हानिरहित वादनाची सोय दिली.

ऐकण्यासाठी कॉम्पॅक्ट डिस्कहून वरची पातळी आवश्यक आहे काय, हा वादाचा विषय आहे. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरॅन यांच्या २००७ मधील प्रयोगांत नेहमीच्या पातळीवर ऐकताना श्रोत्यांना हा भेद ओळखता आला नाही. जतनाचा निकष मात्र वेगळा आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांच्या अंकीकरणासाठी किमान ४८,००० नमुने व २४ बिट यांची शिफारस केली आहे. श्रोत्याची निवड केव्हाही बदलता येते. पण फीत जीर्ण झाल्यावर संग्राहकाची चूक सुधारता येत नाही.